हँडब्रेकची तार आणि दोन सेकंद

नवी गाडी दारात आली की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे एक फेरी होतेच. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, मागच्या काचांना जाळीचे पडदे अशी खरेदी होते. सोबत मोठा टचस्क्रीनही बसतो. वायरिंग करणारा मुलगा डॅशबोर्डखालून डोके बाहेर काढतो आणि विचारतो, ‘‘साहेब, गाडी पळायला लागली की यावर व्हिडिओ बंद होतो. चालू राहील असं करून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे.’’ मागे बसलेली मुले लगेच हो म्हणतात. साहेबही म्हणतात, ‘‘करून टाक. गावाला जाताना पोरांना बरं पडेल.’’

त्या पाच मिनिटांत एक बारीक तार एका जागेऐवजी दुसऱ्या जागी जोडली जाते. खर्च किरकोळ असतो आणि गाडीच्या चालण्यात काही फरक जाणवत नाही. फरक पडतो तो चालवणाऱ्याच्या नजरेत आणि लक्षात. म्हणून हे कुलूप मुळात का बसवलेले असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

गाडी उभी आहे, हे स्क्रीनला कसे कळते?

बाहेरून बसवलेल्या सिस्टीममध्ये ही व्यवस्था साधी असते. सिस्टीममधून निघालेली एक तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढला की त्या तारेला अर्थिंग मिळते आणि गाडी उभी आहे असे समजून सिस्टीम व्हिडिओ दाखवते. हँडब्रेक सोडला की चित्र जाते, आवाज तेवढा राहतो. दुकानात ही तार हँडब्रेकपर्यंत नेतच नाहीत, ती गाडीच्या पत्र्याला जोडून टाकतात. मग सिस्टीमच्या लेखी हँडब्रेक कायमचाच ओढलेला.

कंपनीतूनच बसवून आलेल्या अनेक स्क्रीन हँडब्रेकवर विसंबत नाहीत. चाकांच्या सेन्सरने मोजलेला वेग गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. तिथे मध्ये एक लहानसा मॉड्युल बसवून ‘वेग शून्य आहे’ असा खोटा निरोप स्क्रीनला दिला जातो. अलीकडे यूएसबीला जोडायचे अँड्रॉइड बॉक्सही मिळतात. फोनवरचा नकाशा गाडीत दिसावा म्हणून ठेवलेल्या वाटेने ते थेट चित्रपट स्क्रीनवर आणतात.

या खोटेपणाचा एक परिणाम काही गाड्यांत लगेच दिसतो. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल तुटला की गाडीतले नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून अंदाज बांधत पुढे सरकते. त्याला वेग शून्य सांगितला, तर नकाशावरचा बाण जागीच अडकतो. पण हा बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. चालकाच्या लक्षात होणारा बिघाड त्याला स्वतःलाही दिसत नाही.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, दोन सेकंदांत ४४ मीटर. समोर काही आडवे आलेले दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. नंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबेपर्यंत एकूण ७० मीटरच्या आसपास अंतर लागते. स्क्रीनकडे पाहण्यात गेलेले ४४ मीटर या हिशेबाच्या आधीचे आहेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा पाळली, तरी दोन सेकंदांत ६७ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो.

‘दोन सेकंद’ हा आकडा मनाने ठरवलेला नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने १०० गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवून लोकांच्या रोजच्या ड्रायव्हिंगची सुमारे वर्षभर नोंद केली. जवळपास २० लाख मैलांचा, म्हणजे ३२ लाख किलोमीटरचा प्रवास त्यात टिपला गेला. सुमारे ८० टक्के अपघातांत, अपघाताच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचे लक्ष समोरच्या रस्त्यावर नव्हते. नजर एकूण दोन सेकंदांपेक्षा जास्त काळ रस्त्यावरून हटली, तर अपघाताचा किंवा थोडक्यात बचावण्याच्या प्रसंगाचा धोका किमान दुप्पट होतो, असा निष्कर्ष २००६ मध्ये या नोंदींवरून निघाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये याच धर्तीवर वाहन उत्पादकांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या. स्क्रीनवरचे कोणतेही काम असे असावे, की प्रत्येक वेळी नजर साधारण दोन सेकंदांच्या आत रस्त्यावर परत येईल आणि पूर्ण काम एकूण बारा सेकंदांच्या पाहण्यात उरकेल. ड्रायव्हिंगशी संबंध नसलेला व्हिडिओ मात्र गाडी चालू असताना चालकाला दिसूच नये, असे त्या सूचना सांगतात.

नकाशा चालतो, मग चित्रपट का नाही?

हा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला समोरचे सगळे दृश्य स्पष्ट दिसते असे वाटते. प्रत्यक्षात दृष्टिपटलाचा मधला अगदी छोटा भागच बारकावे टिपतो. हात लांब करून अंगठ्याकडे पाहिले, तर त्याच्या नखाएवढ्या भागातले तेवढे नीट दिसते. बाकीचे दृश्य अंधूक असते. नजर सतत इकडेतिकडे फिरवून मेंदू ते जोडत राहतो. या कडेच्या अंधूक दृष्टीचे एक काम मात्र पक्के असते. कुठे काही हलले की ती नजरेला तिकडे ओढून नेते. झुडपातली हालचाल वेळीच दिसावी म्हणून लाभलेली ही सोय आहे आणि ती इच्छेवर अवलंबून नाही.

नकाशावरचा बाण शांतपणे सरकतो. चित्रपटात मात्र दर काही सेकंदांनी दृश्य बदलते, उजेड कमी-जास्त होतो, माणसे धावतात. त्यामुळे ‘मी कुठे बघतो, ते मुलांसाठी लावलंय’ हे प्रामाणिकपणे म्हटले, तरी नजर त्या बाजूला वळतेच. हातभर अंतरावरच्या स्क्रीनवरून दूरच्या रस्त्यावर नजर आली की डोळ्यातील भिंगाला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. चाळिशी ओलांडल्यावर हे अधिकच अवघड होते. रात्री उजळ स्क्रीन पाहिल्यावर अंधारात कडेने चालणारा माणूस ओळखायलाही वेळ लागतो.

डोळे रस्त्यावर, लक्ष दुसरीकडे

बरे, नजर रस्त्यावर ठेवून संवाद नुसते ऐकले तर? युटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली. काही जण हँड्स-फ्री फोनवर बोलत होते, म्हणजे हात मोकळे आणि डोळे समोर. नंतर वाटेतले फलक ओळखायला सांगितले, तेव्हा बोलणाऱ्यांना ते कमी ओळखता आले. नजर टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदीनुसार ज्या वस्तूंवर त्यांची नजर थेट पडली होती, त्यांच्याही बाबतीत हेच घडले. डोळ्यांनी पाहिले होते, मेंदूने घेतले नव्हते. हा प्रयोग फोनवरच्या बोलण्याचा होता. चित्रपटात कानाच्या जोडीला डोळेही गुंततात.

याच दुर्लक्षाचे गाजलेले उदाहरण म्हणजे डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग. एका चित्रफितीत खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकत असतात आणि प्रेक्षकांनी ते किती वेळा टाकले हे मोजायचे असते. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती त्यांच्यामधून चालत जाते. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. नंतर सांगितल्यावर अनेकांचा विश्वास बसत नाही.

‘गेली तीन वर्षं लावतोय, काही झालं नाही’ या अनुभवातली गोम इथेच आहे. जे दिसलेच नाही, त्याची आठवणही राहत नाही. रस्त्याच्या कडेला आलेले पोर स्वतःच मागे सरकले, शेजारच्या दुचाकीस्वाराने आपणहून वेग कमी केला, समोरून येणाऱ्या टेम्पोने बाजू दिली, म्हणून वेळ निभावली. चालकाच्या आठवणीत मात्र तो प्रवास निर्धोक म्हणूनच जमा होतो. असे शंभर प्रवास झाले की सवय पक्की होते. गाडीतले कुलूप या आत्मविश्वासावर अवलंबून राहत नाही, म्हणूनच ते उपयोगाचे असते.

कंपनीनेच कुलूप काढले तेव्हा

टेस्लाच्या मोटारींत डॅशबोर्डच्या मोठ्या स्क्रीनवर गेम खेळण्याची सोय आधी गाडी उभी असतानाच चाले. डिसेंबर २०२० पासून ती चालत्या गाडीतही सुरू झाली. खेळणारा शेजारचा प्रवासी असावा, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी सुरक्षा प्रशासनाने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांबाबत चौकशी सुरू केली. लगोलग कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ही सोय चालत्या गाडीत बंद करण्याचे मान्य केले.

जपानमध्ये गाडीत टीव्ही पाहण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे. चालत्या गाडीत तो बंद होऊ नये म्हणून लागणारी किटही तिथे दुकानांत उघड मिळतात. कायदा मात्र गाडी चालवताना स्क्रीनकडे टक लावून पाहण्यास मनाई करतो. १ डिसेंबर २०१९ पासून शिक्षा वाढली असून, अशा पाहण्यामुळे वाहतुकीला धोका निर्माण झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क-उपकरण वापरणे हे धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट नोंदवले आहे. डॅशबोर्डवरची स्क्रीन हातात धरावी लागत नाही. डोळ्यांच्या आणि मेंदूच्या दृष्टीने मात्र दोन्हींत फरक नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसांचा जीव गेला. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे लोक मोठ्या संख्येने होते. स्क्रीन गाडीत असते, पण किंमत पुष्कळदा गाडीबाहेरच्या माणसाला मोजावी लागते.

मुलांचे काय?

लांबच्या प्रवासात मुले कंटाळतात, हे खरेच. त्यांच्यासाठी पुढच्या सीटच्या मागे बसणारी, चालकाला न दिसणारी वेगळी स्क्रीन मिळते. सोबत हेडफोन दिला की चालकाच्या कानावरही संवाद पडत नाहीत. टॅब्लेट मुलांच्या मांडीवर सैल ठेवू नये. जोरात ब्रेक लागला तर तो फेकला जातो, म्हणून तो होल्डरमध्ये घट्ट बसवावा. शेजारच्या प्रवाशासाठीही उपाय निघाले आहेत. काही महागड्या गाड्यांतील स्क्रीन डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळे चित्र दाखवते, त्यामुळे चालकाला फक्त नकाशा दिसतो.

आपल्या गाडीतली तार कुठे जोडली आहे, हे पुष्कळांना माहीतही नसते. जुनी गाडी घेतली असेल तर हमखास नसते. ते तपासणे सोपे आहे. मोकळ्या मैदानात गाडी अगदी हळू चालवावी आणि व्हिडिओ शेजारी बसलेल्याला लावायला सांगावा. हँडब्रेक सोडून गाडी पुढे सरकली तरी चित्र चालूच राहिले, तर कुलूप काढलेले आहे. मग त्याच दुकानात जाऊन ती तार हँडब्रेकच्या स्विचला जोडून घ्यावी किंवा मध्ये बसवलेला मॉड्युल काढायला सांगावे. हेही पाच मिनिटांचेच काम आहे.