पुदिना का वाळतो आणि का करपतो?

पावसाळ्यात पुदिन्याची मोठी जुडी घरी येते. चटणीला त्यातली मूठभर पाने लागतात आणि उरलेली जुडी दोन-तीन दिवसांत काळी पडते. वाळवून ठेवावी म्हटले तर ऊन नसते. सावलीत पसरावी तर पाने वाळण्याऐवजी बुरसतात. कारण उघड आहे. पानातील पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली पाहिजे. परंतु पावसाळी हवा आधीच बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. तिला आणखी बाष्प घेण्याची फारशी गरजच नसते!

अशा वेळी स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन उपयोगी पडतो. गेल्या श्रावणात मीही हा उद्योग केला. बशीत कागदावर पाने पसरली, चार मिनिटांची वेळ लावली आणि शेजारच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडले. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला. पाहतो तो काही पाने काळी, काही अजून ओलसर, आणि कागदावर तपकिरी डाग! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते. माझी चूक कोठे झाली, ते आता आपण पाहू.

साध्या भट्टीत उष्णता बाहेरून आत शिरते. प्रथम हवा तापते, मग पानाचा पृष्ठभाग आणि नंतर आतील भाग. मायक्रोवेव्हमध्ये मात्र हवा जवळजवळ तापतच नाही. तेथे 2450 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 245 कोटी आवर्तने असलेल्या विद्युतचुंबकीय तरंगांचा मारा होतो. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की रेणूही तिच्याप्रमाणे वळू पाहतो. पण शेजारचे रेणू त्याला अडवतात. या ओढाताणीत तरंगांची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. हा अनुनाद आहे असा समज पुष्कळांचा असतो, पण तो बरोबर नाही. द्रवरूप पाण्याची या वारंवारतेला अनुनादी अशी कोणतीही कंपने नसतात.

थोडक्यात, उष्णता जेथे पाणी आहे तेथेच निर्माण होते. पुदिन्याच्या ताज्या पानांत वजनाने सुमारे 85 टक्के पाणी असते. आपण 20 ग्रॅम पाने घेतली तर त्यांत 17 ग्रॅम पाणी असणार. ते 30 अंशांपासून 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास 17 × 4.2 × 70, म्हणजे सुमारे 5,000 ज्यूल उष्णता लागेल. त्याची वाफ करण्यास दर ग्रॅमला 2,260 याप्रमाणे सुमारे 38,400 ज्यूल लागतील. एकूण झाले 43,400 ज्यूल. ओव्हनची शक्ती 700 वॅट असेल, तर हे काम सुमारे 62 सेकंदांत व्हावे.

प्रत्यक्षात मात्र याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. पातळ पाने सर्व तरंग शोषू शकत नाहीत. शिवाय जसजसे पाणी कमी होते, तसतसे शोषणही कमी होते. येथेच धोका आहे. पाणी असेपर्यंत पानाचे तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपले की हा लगाम सुटतो. उरलेले ऊतक जी थोडी ऊर्जा शोषते, तिने तापमान झपाट्याने चढते आणि पान करपते, क्वचित पेटतेही. त्यातच ओव्हनमध्ये स्थिर तरंग निर्माण होत असल्याने काही जागी उष्णता जास्त, तर काही जागी कमी असते. तबकडी फिरती ठेवतात ती याचसाठी. तरीही सगळी पाने एकाच वेळी वाळत नाहीत.

सुगंधाचेही असेच आहे. पुदिन्याच्या वासातील मुख्य घटकांचे उत्कलनबिंदू 200 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असतात, तरी ते वाफेबरोबर निघून जातात. बाष्प-ऊर्ध्वपातनाने पुदिन्याचे तेल काढतात ते याच तत्त्वावर. म्हणजे घरभर सुवास सुटला, की तेवढा बरणीतून वजा झाला असे समजावे.

आता प्रयोग कसा करावा ते सांगतो. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पाने धुऊन, फडक्याने टिपून, देठ काढून 20 ग्रॅम तोला. ती दोन साध्या पांढऱ्या कागदी रुमालांच्या मध्ये एका थरात पसरा. छापील किंवा पुनर्वापराचा कागद नको; त्यात धातूचे कण असण्याचा संभव असतो. प्रथम एक मिनिट ओव्हन चालवा. नंतर दर 20 सेकंदांनी थांबून वाफ जाऊ द्या, पाने उलटी करा आणि वजन करा. वाळलेली पाने लगेच बाजूला काढा, पण वजनात ती धरा. ओव्हनपासून क्षणभरही दूर जाऊ नका. धूर दिसलाच तर दार न उघडता ओव्हन बंद करा आणि वीजपुरवठा तोडा.

वेळ आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. सुरुवातीचा तीव्र उतार हळूहळू सपाट होत जाईल. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आले आणि पान बोटांत चुरचुरले, की थांबा. माझ्या चार मिनिटांत ही थांबण्याची जागाच हरवली होती.

पाने पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूला दव दिसले, तर पाणी अजून शिल्लक आहे. आणि जेथे पाणी, तेथे बुरशी. अशी पाने पुन्हा थोडी वाळवा. पुढे हाच प्रयोग कढीलिंब आणि मेथी घेऊन करा. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढले, म्हणजे कोणत्या पानात किती पाणी होते हे पुस्तक न उघडताच तुम्हांला सांगता येईल.