शेर गेला, गुंठा राहिला

अकरावीच्या वर्गाला मापनाचा पहिला धडा शिकवताना मी दर वर्षी मुलांना चार प्रश्न विचारतो. तुझी उंची किती? वजन किती? काल दुपारी बाहेरचे तापमान किती होते? आणि मागे कधी ताप आला होता तेव्हा तो किती चढला होता? उत्तरे फळ्यावर लिहून घेतो. ती बहुधा अशी असतात : पाच फूट चार इंच, अठ्ठेचाळीस किलो, एकोणचाळीस डिग्री, एकशे दोन डिग्री. मग पाचवा प्रश्न येतो. हवा ३९ अंश आणि तुझा ताप १०२ अंश, तर जास्त गरम कोण, हवा की तू?

वर्ग क्षणभर गप्प होतो. १०२ मधून ३२ वजा करून ५/९ ने गुणले की ३८.९ येतात. म्हणजे तापाने फणफणलेला मुलगा आणि विदर्भातली मार्चअखेरची दुपार यांचे तापमान जवळजवळ एकच! हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये मोजण्याची आपली सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की ही दोन मापे एकाच राशीची आहेत हेच आपण विसरून गेलेलो असतो.

उंचीचा घोटाळा तर याहून मजेदार. एकाने अर्जावर आपली उंची ५.८ फूट लिहिली, दुसऱ्याने ५.११ फूट. उंच कोण? दशांश अपूर्णांक म्हणून वाचल्यास पहिला. पण मुलांच्या मनात असतात पाच फूट आठ इंच आणि पाच फूट अकरा इंच, म्हणजे उंच दुसरा. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. पाच फूट आठ इंच म्हणजे १७२.७ सेंटिमीटर, तर ५.८ फूट म्हणजे १७६.८ सेंटिमीटर. एका टिंबाने मुलगा चार सेंटिमीटर वाढतो!

आता तुम्ही म्हणाल, की मुळात अशी बारा, सोळा, चाळीस यांच्या पटीतली मापे कोणी आणि का केली? ती करणारे अडाणी नव्हते. आपल्याकडची धान्याची जुनी मापे पाहा. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट. ज्याच्याजवळ काटेकोर उपकरण नाही त्याला एखाद्या वस्तूचे दहा सारखे भाग करणे फार अवघड, पण दोन सारखे भाग कोणालाही करता येतात. बाराला तर २, ३, ४ आणि ६ या चौघांनीही भाग जातो. तुमच्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, इतकेच नव्हे तर साडेतीनची औटकीसुद्धा पाठ केली ती याच हिशेबांसाठी. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असताना बाजारात उभ्या-उभ्या भाव काढायचा, तर दुसरा उपाय नव्हता.

अडचण होती ती वेगळीच. एकच नाव, पण जागोजागी माप निराळे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा; तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे ३७.३ किलोचा. दोन्ही ‘मण’च. शिवाय पायली-शेर ही आकारमानाची मापे, तर मण-शेर ही वजनाचीही मापे. मापाने घेतलेला एक शेर तांदूळ आणि एक शेर बाजरी तागडीत टाकली तर वजने सारखी भरतीलच असे नाही, कारण दोघांची घनता सारखी नाही. या गोंधळात नुकसान कोणाचे व्हायचे हे सांगायला नकोच.

म्हणून १९५६ मध्ये भारताने वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धती स्वीकारली. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने बाजारात येऊ लागली, आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत शेर-पौंडांनी व्यवहार करणे बेकायदा ठरले. एवढ्या मोठ्या देशाने अवघ्या चार-पाच वर्षांत आपली तागडी बदलली, ही माझ्या मते स्वातंत्र्यानंतरची एक मोठी कामगिरी आहे. तिचे आपण फारसे कौतुक करीत नाही.

शेर खरोखरच गेला. ९३३ ग्रॅमचा शेर जाऊन त्याजागी किलो बसला आणि थोडाच फरक असल्याने लोकांनाही तो जड गेला नाही. तोळा मात्र गेला नाही. त्याने आत शिरून वेष बदलला. सरकारी तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. चांदीच्या कलदार रुपयाचे वजनही तेवढेच, म्हणून ‘रुपयाभार’ हा शब्द. आज सराफाकडे तोळा म्हटले की सरळ १० ग्रॅम धरतात. घरातल्या जुन्या चिठ्ठीवर ‘पाटल्या, तोळे ५’ असे लिहिले असेल आणि तो तोळा जुना सरकारी असेल, तर त्या पाटल्या ५० ग्रॅमच्या नव्हेत, ५८.३ ग्रॅमच्या. वर दिसणारे आठ ग्रॅम सोने केवळ शब्दाचा अर्थ बदलल्यामुळे चिठ्ठीतून नाहीसे होते. जुने दागिने मोडायला नेताना चिठ्ठी नव्हे, तराजू पाहावा.

गुंठ्याची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे, कारण तिथे सोन्याऐवजी जमीन आहे. इंग्रज अमदानीतल्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरीत. गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात रूढ केलेल्या ६६ फुटी साखळीच्या ती बरोबर निम्मी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ, की ‘आर म्हणजेच गुंठा’ असे गावोगाव सर्रास म्हटले जाते.

माझ्या एका विद्यार्थ्याने या धड्यानंतर आपल्या घरचा कागद वर्गात आणला होता. जमीन दोन एकर दहा गुंठे. ती विकत घेण्याचा विचार चालला होता आणि कच्च्या मसुद्यात कोणी तरी ती ‘२.१० एकर’ अशी टंकलिखित केली होती. आम्ही ती फळ्यावर मांडली. दोन एकर दहा गुंठे म्हणजे ९० गुंठे, म्हणजे २.२५ एकर. पण २.१० एकर म्हणजे ८४ गुंठे. सहा गुंठे जमीन टिंबाखाली गाडली गेली होती! मग मुलांनीच पुढचा प्रश्न काढला : ९० गुंठ्यांना कोणी ९० आर म्हटले तर? ९० गुंठे म्हणजे ९,१०५ चौरस मीटर. ९० आर म्हणजे ९,०००. फरक १०५ चौरस मीटरांचा, अर्थात एका गुंठ्याहून थोडा अधिक. एका गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरही नसणारी चूक नव्वद गुंठ्यांवर एक अख्खे घर बांधण्याएवढी होते. मसुदा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, आणि त्या मुलाच्या वडिलांनी भौतिकशास्त्र हा विषय उपयोगाचा असल्याचे मान्य केल्याचे मला कळले.

घर बांधण्याचे निघालेच आहे तर लोखंडाच्या सळयांकडेही पाहू. बांधकामावरचे मिस्त्री सळईची जाडी ‘सुतां’त सांगतात. एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. चार सुती सळई म्हणजे अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटरची. पण कारखान्यात सळई १२ मिलिमीटरची निघते आणि दुकानात तिलाच चार सुती म्हणतात. फरक किती? ‘पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही’, असे उत्तर लगेच येते. पण सळई किती भार पेलेल हे तिच्या व्यासावर नव्हे, तर छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ भागिले १२.७ चा वर्ग करा : ०.८९३. म्हणजे जुन्या पुस्तकातला अर्ध्या इंचाचा हिशेब धरून १२ मिलिमीटरची सळई घातली, तर जवळजवळ ११ टक्के पोलाद कमी पडते. उलट तीन सुतीच्या (९.५ मिलिमीटर) जागी १० मिलिमीटरची घातली तर १० टक्के पोलाद जास्त जाते. अभियंत्याने नकाशावर मिलिमीटर लिहिलेले असतील तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते नकाशा एका भाषेत आणि तोंडी हिशेब दुसऱ्या भाषेत चालला म्हणजे.

असे बिघडले तर काय होते याचे एक उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे स्थित्यंतर चालू होते आणि ही नवी विमाने इंधन किलोग्रॅममध्ये मोजणारी होती. विमानाचे इंधनदर्शक नादुरुस्त असल्याने टाकीत पट्टी घालून इंधन मोजले : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी घनतेने गुणायचे. सगळ्यांनी नेहमीच्या सवयीने १.७७ हा आकडा घेतला. पण १.७७ ही इंधनाची घनता पौंड प्रति लिटर या एककात होती. किलोग्रॅम प्रति लिटरमध्ये ती सुमारे ०.८ आहे.

पुढचे गणित तुम्हीच करून पाहा. ७,६८२ ला १.७७ ने गुणले, आले १३,५९७. हे होते पौंड, पण समजले गेले किलोग्रॅम. २२,३०० मधून ते वजा करून उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागले आणि ४,९१७ लिटर इंधन भरले. एकूण झाले सुमारे १२,६०० लिटर, म्हणजे जेमतेम १०,१०० किलोग्रॅम. गरजेच्या निम्म्याहूनही कमी! वाटेत, हवेत असतानाच, दोन्ही इंजिने बंद पडली. सुदैवाने वैमानिक बॉब पिअरसन यांना इंजिनाविना उडणारी ग्लायडर विमाने चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते अवजड विमान तरंगत खाली आणून गिमली येथील हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. तिथे त्या दिवशी मोटारशर्यती चालू होत्या, तरी विमानातील ६९ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

या गुणाकारात आकडेमोडीची चूक एकही नव्हती, हे लक्षात घ्या. चूक होती ती आकड्याशेजारी एकक न लिहिण्याची. परीक्षेत एकक लिहिले नाही म्हणून मी अर्धा गुण कापतो तेव्हा नाराज होणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवतो.

काही ब्रिटिश एकके मात्र त्यांच्यामागचे भौतिकशास्त्र शोधावे इतकी गमतीची आहेत. ‘दीड टनाचा एसी’ म्हणजे काय? यंत्राचे वजन दीड टन नक्कीच नसते. यांत्रिक प्रशीतन येण्यापूर्वी थंडावा म्हणजे बर्फ. अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ १८३३ मध्ये थेट कलकत्त्याला आला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. नवी यंत्रे आली तेव्हा त्यांची क्षमता साहजिकच बर्फात मोजली गेली : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता काढून घेणारे यंत्र ते एक टनाचे. हा टन अमेरिकन, २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोग्रॅमचा. बर्फाचा अप्रकट उष्मा दर ग्रॅमला ३३४ ज्यूल. गुणाकार केला की सुमारे ३०.३ कोटी ज्यूल येतात आणि त्यांना दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की साडेतीन किलोवॅट. तेव्हा दीड टनाचे यंत्र सव्वापाच किलोवॅट दराने खोलीतली उष्णता बाहेर फेकते, पण वीज घेते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे मोडत नाही का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

आणि हो, इंच स्वतः तरी कितीसा ब्रिटिश उरला आहे? १९५९ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर आणि एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. म्हणजे अमेरिकेतला सुतार इंचाने फळी मोजतो तेव्हा त्याच्या पट्टीमागे मीटरच उभा असतो.

शेवटी एक प्रयोग. घराजवळच्या एखाद्या मोटारीच्या टायरची बाजू पाहा. तिथे ‘१६५/८० आर १४’ अशासारखी अक्षरे दिसतील. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर हे अक्षर टायरच्या बांधणीचे. आणि १४ हा आतल्या चाकाचा व्यास, चक्क इंचांत! तिन्ही आकडे वापरून बाहेरचा व्यास काढा : ३५५.६ अधिक दोनदा १३२, म्हणजे ६१९.६ मिलिमीटर. यावरून एक किलोमीटर जाताना चाकाचे ५१४ फेरे व्हायला हवेत. आता टायरवर खडूने खूण करून, मालकाच्या परवानगीने, मोटार दहा फेरे होईपर्यंत हळूहळू ढकला आणि अंतर टेपने मोजा. हिशेबाने ते सुमारे १९.४७ मीटर यायला हवे. प्रत्यक्षात थोडे कमी भरेल. का, ते टायरच्या तळाशी नीट पाहिलेत तर सापडेल.