सुपरकार रोज चालवता येते का? नागपूरच्या रस्त्यांवरचं गणित

आजचा विषय ऐकायला चैनीचा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या-आमच्या स्कूटरपर्यंत येणार आहे. प्रश्न असा: फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे अशी गाडी घेतलीच, तर ती नागपुरात रोज चालवता येईल का? रविवारी सकाळी फुटाळ्यावर चक्कर मारायला नव्हे, तर रोज धरमपेठेतून वर्धा रोडला कामावर जायला आणि येताना सीताबर्डीहून भाजी आणायला.

आधी एक समज बाजूला ठेवू. या गाड्या नाजूक, रोज वापरल्या की बिघडणार, असं आपण धरून चालतो. होंडाने 1990 मध्ये एनएसएक्स आणली तेव्हाच हा समज हलला. बाहेरचं नीट दिसणारी, रोज निमूटपणे सुरू होणारी स्पोर्ट्स कार बनू शकते, हे तिने दाखवलं. पोर्शे 911 तर 1960च्या दशकापासून लोक रोज चालवतात. उलट, उभी ठेवलेली गाडी खराब होते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. मग अडतं कुठे? आपल्याकडे तीन ठिकाणी: ऊन, पाणी आणि गतिरोधक.

पहिलं ऊन. नवतप्यात पारा 45 अंशांवर जातो. इंजिनातलं पाणी साधारण 100 अंशांना असतं. बाहेरची हवा 15 अंश असेल तर फरक 85 अंशांचा, 45 अंश असेल तर फक्त 55चा. म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात साधारण एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. शिवाय गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाला हवाही नऊ-दहा टक्के कमी मिळते. गाडी बंद पडेल असं नाही, पण सिग्नलला पंखे गरगरत राहतात. आणि इंजिन पाठीमागे असेल, तर पाठीशी भट्टी घेऊन बसल्यासारखं होतं.

दुसरं पाणी. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. अशा पाण्यात बुटकी गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलं, तर खेळ संपला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो पिस्टनचा दांडा.

बरं, सुखाने चालेल अशी जागा आहे की नाही? आहे ना, समृद्धी महामार्ग! नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, कारला ताशी 120 ची मर्यादा. अशा गाडीला हा वेग म्हणजे फेरफटका. पण समृद्धीला लागायचं तर आधी घरापासून शिवमडक्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणजे गल्ली आली, आणि गल्लीत ब्रेकर आले.

इथे जरा थांबून आकडे बघू. लॅम्बोर्गिनी हुराकान घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.62 मीटर अंतर आहे आणि पोट जमिनीपासून साधारण 12-13 सेंटीमीटरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. म्हणजे 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. तो ताशी 25 किलोमीटरने ओलांडता यावा, ही अपेक्षा.

आता गंमत बघा. असा गतिरोधक चाकांखाली आला की चारही चाकं त्याच्यावरच असतात. दोन चाकांच्या मधे तो किती वर येतो? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. उत्तर येतं पाच सेंटीमीटर. म्हणजे हुराकानसुद्धा सात सेंटीमीटर राखून निघून जाते!

मग घासते कशी? कारण आपल्या गल्लीतला ब्रेकर 3.7 मीटरचा नसतोच. हातभर रुंद आणि कुणाच्या तरी अंदाजाने उंच. चाकं अलीकडे-पलीकडे सपाट रस्त्यावर आणि ढिगारा पूर्ण उंचीने पोटाखाली. तो 15 सेंटीमीटरचा असेल, तर गाडी अडकलीच. म्हणून असे मालक ब्रेकर तिरका घेतात, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. काही गाड्यांत नाक चार-पाच सेंटीमीटर उचलायचं बटण असतं. त्यात सिमेंट रस्त्यांची भर आहे. जुन्या डांबरावर सिमेंटचा थर चढला, रस्ता फाटकापेक्षा उंच झाला, आणि घरातून बाहेर पडणं हाच पहिला गतिरोधक ठरला.

तुम्ही म्हणाल, कोट्यवधींची गाडी घासली तर आम्हाला काय? बरोबर आहे. पण ही गाडी इथे फुटपट्टी आहे असं समजा. तिला जो ब्रेकर घासतो, तोच रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला हादरा देतो, ऑटोतल्या गरोदर बाईला उसळवतो, आणि रात्री पट्टा रंगवलेला नसेल तर स्कूटरवाल्याला पाडतो. फरक इतकाच की श्रीमंताकडे बटण आहे, स्कूटरला नाही.

तर उत्तर काय? रोज चालवता येते. इंजिन तयार आहे, ऊन सोसतं, पावसात एक-दोन दिवस घरी राहता येतं. तयार नाही तो रस्ता. म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. गल्लीतल्या ब्रेकरला टेप लावा. उंची दहा, रुंदी तीन मीटर सत्तर, आधी सूचना फलक, वर रंगाचे पट्टे. यातलं काय नाही ते लिहून महापालिकेकडे द्या. त्यासाठी लॅम्बोर्गिनी असायची गरज नाही.