ऊसतोडीला निघताना लेकराला सांगून जा. चिवटपणाचं मूळ घरातच असतं

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी भागातल्या वाड्या-वस्त्यांवरून टोळ्या कारखान्याकडे निघतात. बरीच लेकरं आजी-आजोबांपाशी गावातच राहतात. पट्टा पडेपर्यंत त्यांना आई-बाप भेटत नाहीत. यातलं एखादं लेकरू पार कोमेजून जातं, तर दुसरं रोज शाळेत येतं, रडलं तरी सावरतं. गाव एकच, गरिबीही सारखीच. मग हा फरक कशानं पडतो?

'टक्केटोणपे खाल्ले की पोरगं आपोआप घट्ट होतं' असं आपण म्हणतो. पण नुसत्या हालानं कुणी घट्ट होत नाही. हाल सोसताना पाठीशी कोण होतं, यावर ते ठरतं.

अमेरिकेच्या हवाई बेटांमध्ये कवाई नावाचं बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधक बाईंनी ती चाळिशीला येईपर्यंत नजर ठेवली. त्यात मळ्यांवर राबणाऱ्यांची लेकरं बरीच होती. गरिबी, घरातली भांडणं, बापाची दारू असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण तीनातलं एक मूल चांगलं उभं राहिलं. अशा मुलांना घरातलं किंवा जवळचं एक तरी कायमचं, मायेचं माणूस होतं. कुणाला आजी, कुणाला मोठी बहीण. शिवाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे घरातलं एखादं काम होतं.

माझ्या घरातली गोष्ट

एका वर्षी गारपिटीनं आमचा हरभरा झोपवला. रात्री आम्ही नवरा-बायको कर्जाचं बोलायचो. तिसरीतली पोरगी झोपलीय असं वाटायचं. चार दिवसांनी तिनं आजीला विचारलं, "आपलं शेत जाणार का?" तोवर तिचं जेवण कमी झालं होतं, सकाळी पोट दुखतंय म्हणायची. मग मी तिला शेतावर नेलं आणि खरं सांगितलं. कर्ज आहे, फेडायला वेळ लागेल, पण शेत विकायचं नाही. आजीनं तिच्याकडे शेळीच्या करडाला पाणी पाजायचं काम दिलं. आठवड्याभरात पोट दुखायचं थांबलं. लेकराला अर्धवट ऐकलेल्याची जास्त भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

घरात काय करता येईल?

- लेकरू झोपेत असताना निघून जाऊ नका. कुठं चाललो, कधी येणार, तोवर कुणापाशी राहायचं, हे सांगा. रडलं तर रडू द्या.
- फोनची वेळ ठरवा. रोज जमत नसेल तर आठवड्यातले दोन वार धरा, पण ते चुकवू नका. फोनवर आधी अभ्यासाचं विचारू नका. आज काय खाल्लं, कुणाबरोबर खेळला, हे विचारा.
- जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा आजीला शक्य तितक्या सारख्या ठेवायला सांगा. उद्या काय होणार हे माहीत असलं की लेकरू शांत राहतं.
- छोटं काम जरूर द्या. मात्र धाकट्याला सांभाळायला म्हणून पोरीची शाळा बुडवू नका. हे ओझं झालं, त्यातून चिवटपणा येत नाही.
- उचल, मुकादम, फिटलं-राहिलं ही भांडणं लेकरासमोर नकोत.
- चुकलं, नापास झालं तर मारण्याआधी 'आता पुढं काय करू' हे सोबत बसून ठरवा.

लेकराला सोबत नेणार असाल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मागं ठेवणार असाल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारा. आजीचा आणि तुमचा फोन नंबर गुरुजींकडे लिहून ठेवा.

लेकरू अचानक गप्प झालं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, शाळेला जायचं नाही म्हणालं, तर 'नाटकं करतंय' म्हणून सोडू नका. गुरुजींशी बोला, आरोग्य केंद्रात दाखवा. कुणी त्रास देत असेल तर १०९८ या नंबरवर फुकटात फोन लागतो.

टोळी निघायला अजून थोडे दिवस आहेत. त्यातली एक संध्याकाळ लेकराजवळ बसा आणि जायचं कधी, यायचं कधी, हे त्याला सांगा.