पासवर्ड बरोबर होता

"अगं पोरी, तोच पासवर्ड टाकतोय. दहादा टाकला. आत घेतच नाही." वाकोल्यातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपालकाका फोनवर अगदी रडकुंडीला आले होते. सांताक्रूझ पूर्वेतल्या छोट्या दुकानांचे, दवाखान्यांचे संगणक मी सांभाळते. असं कुणी म्हणालं की मी आधी त्या माणसावर विश्वास ठेवते. बहुतेक वेळा पासवर्ड खरंच बरोबर असतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात वाचनालयाचा संगणक भिजून गेला. काकांसमोर काउंटरवर होता तो त्यानंतर घेतलेला, आणि देवघेवीचा प्रोग्रॅमही तेव्हाचाच. आतल्या खोलीत मात्र एका सभासदाने दिलेला नवा सर्व्हर आला, त्यावर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस. काउंटरच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की सर्व्हर ज्या पद्धतीने ओळख पटवून मागतोय ती या क्लायंटला, म्हणजे काउंटरवरच्या प्रोग्रॅमला, येत नाही. दुखणं त्या ओळीतच सांगितलं होतं. काका मात्र पासवर्डच तपासत बसले होते.

डेटाबेसमध्ये शिरताना पासवर्ड सहसा तारेवरून जसाच्या तसा जात नाही. सर्व्हर दर वेळी काही नवी, अंदाज न बांधता येणारी अक्षरं पाठवतो. क्लायंट त्यांत पासवर्ड कालवून गणित करतो आणि फक्त उत्तर कळवतो. मायएसक्यूएलच्या ४.१ आवृत्तीपासून हे गणित शा-१ नावाच्या सूत्रावर चालायचं. त्यात एक उणीव होती. दोन खात्यांचा पासवर्ड एकच असेल, तर सर्व्हरमध्ये साठवलेला ठसाही हुबेहूब तोच. एप्रिल २०१८मध्ये ८.० आली तेव्हा शा-२५६ची पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक खात्याच्या ठशात वेगळं 'सॉल्ट', म्हणजे आपोआप निवडलेली अक्षरं, मिसळतात आणि गणिताच्या हजारो फेऱ्या होतात. आमच्या काउंटरवरच्या प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या २००५च्या ड्रायव्हरला हे कुठून ठाऊक असणार!

अशा वेळी पुष्कळजण सर्व्हरची पद्धतच सगळ्यांसाठी जुनी करून टाकतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या डेटाबेसमध्ये शेकडो घरांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. मी काउंटरसाठी एकच वेगळं खातं काढलं. त्याला जुनी 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धत दिली, ते त्याच संगणकाच्या आयपी पत्त्यावरून चालेल असं बांधलं आणि हात फक्त देवघेवीच्या तक्त्यांपुरता ठेवला. काकांना तेव्हाच सांगितलं, ही सोय तात्पुरती आहे. मायएसक्यूएल ८.४मध्ये ती पद्धत मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. ९.०मधून तर ती काढूनच टाकली आहे.

खरी झोप उडवली ती कार्यालयातल्या लॅपटॉपने. त्याचा ड्रायव्हर नवा, तीन आठवडे सुरळीत चाललेला. एका शनिवारी लाइट गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि लॅपटॉपला प्रवेश बंद! कुणी काही बदललं नव्हतं. संध्याकाळभर मी तिथेच बसून होते.

उत्तर नव्या पद्धतीच्या नावातच आहे: 'कॅशिंग'. एकदा पूर्ण तपासणी झाली की सर्व्हर त्या खात्याची ओळख मेमरीत ठेवतो आणि पुढे झटपट आत घेतो. पूर्ण तपासणीला मात्र एन्क्रिप्टेड जोडणी लागते, नाहीतर सर्व्हरची सार्वजनिक किल्ली. बसवण्याच्या दिवशी मी त्याच लॅपटॉपवरून, त्याच खात्याने, एन्क्रिप्टेड जोडणीतून एकदा आत जाऊन पाहिलं होतं. त्या एका तपासणीवर लॅपटॉपचा साधा प्रोग्रॅम तीन आठवडे आत जात राहिला. लाइट गेली, मेमरी पुसली, सर्व्हरने पुन्हा पूर्ण ओळख मागितली आणि प्रोग्रॅमची जोडणी उघडी होती. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी, चालू केली, सर्व्हर मुद्दाम दोनदा बंद करून पाहिला. दोन्ही वेळा लॅपटॉप आत गेला.

तेव्हापासून नवी जोडणी केली की सर्व्हर एकदा बंद-चालू केल्याशिवाय मी तिथून उठत नाही.

काउंटरच्या संगणकावर नवा ड्रायव्हर बसत नव्हता. समितीने गणपतीनंतर नव्या संगणकाला मंजुरी दिली. तो लागला त्या दुपारी मी जुनं खातं काढून टाकलं आणि काकांनी वहीतली त्याची नोंद लाल पेनाने खोडून शेजारी तारीख घातली.