टॅरोची पाने : भाव आणि काळ

पानांवरून भविष्य सांगणाऱ्यापुढे जो मनुष्य येऊन बसतो, तो बहुधा दोनच प्रश्न घेऊन आलेला असतो. अमक्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, हा पहिला. आणि माझे काम होणार केव्हा, हा दुसरा. टॅरोच्या पानांना हे दोन्ही प्रश्न विचारले जातात आणि दोहोंची उत्तरे सारख्याच ठामपणे दिली जातात. परंतु ही दोन उत्तरे एका तोलाची नाहीत, एवढेच आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही पाने एकंदर ७८. त्यांपैकी ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांची सख्खी भावंडे शोभतील. बदामाच्या जागी पेले, इस्पिकाच्या जागी तलवारी, चौकटच्या जागी नाणी, किलवरच्या जागी छड्या. आणि राजा, राणी, गुलाम यांच्या जोडीला एक घोडेस्वार अधिक. उरलेली २२ चित्रांची पाने म्हणजे मुळात हुकमाची पाने. कारण टॅरो हा १५ व्या शतकात उत्तर इटलीत निघालेला, हात जिंकण्याचा साधा खेळ होय. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने ही पाने म्हणजे प्राचीन मिसर देशाचा ज्ञानग्रंथ आहे, असे ठोकून दिले. मिसरी चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर पाने भविष्य सांगू लागून बरीच वर्षे झाली होती!

आता भावांकडे वळू. जुन्या संचांत पाच पेल्यांचे पान म्हणजे सामान्यतः नुसते पाच पेले. १९०९ साली लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून नवा संच काढवून घेतला आणि या लहान पानांवरही माणसे वावरू लागली. बाई रंगभूमीच्या वर्तुळातल्या. चेहरा न दाखवताही नुसत्या पाठीच्या बाकातून दुःख कसे उमटते, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. त्यांच्या पाच पेल्यांच्या पानावर काळा झगा पांघरलेला एक मनुष्य मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले लवंडलेले. पाठीमागे दोन तसेच उभे, पण त्याची नजर तिकडे नाही. दूर नदीवर एक पूल आहे. ज्याच्या घरात नुकतेच काही विपरीत घडले आहे, त्याचे डोळे लवंडलेल्या पेल्यांवर खिळतात. दुसऱ्या कोणाला आधी पूल दिसतो. नऊ तलवारींच्या पानावर कोणी अंथरुणात उठून बसले आहे आणि चेहरा ओंजळीत झाकला आहे. अशी एक रात्र ज्याने काढली आहे, त्याला या चित्राचा अर्थ सांगावा लागत नाही.

म्हणजे पान भाव दाखवते हे खरे; पण कोणाचा? पाहणाऱ्याचा. दूर बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या मनात शिरण्याची वाट त्या चित्रात नाही. शिवाय आपण फसतोही फार लवकर. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी चारांच्या वर गेली. वर्णन मात्र सर्वांना एकच होते, आणि त्यातली वाक्ये एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

काळाच्या बाबतीत तर चित्राचाही आधार नाही. तेथे नुसती कोष्टके आहेत. एक पुस्तक छड्यांना दिवस समजते, तर दुसरे आठवडे. कोणी चार जातींना चार ऋतू वाटून देतात. ते ऋतू इंग्लंडचे, त्यांत आपल्या पावसाळ्याला जागाच नाही. सर्वांत पद्धतशीर कोष्टक लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळाचे. त्यांनी दुरी ते दश्शी अशी चार जातींची ३६ पाने घेतली आणि राशिचक्राच्या ३६० अंशांवर, प्रत्येकी दहा अंश, अशी बसवली. सूर्य रोज सुमारे एक अंश चालतो, तेव्हा एका पानाला साधारण दहा दिवस. ही विभागणी आपल्याला परकी नाही. राशीच्या तिसऱ्या भागाला आपले ज्योतिषी द्रेष्काण म्हणतात, तो शब्दच ग्रीकांच्या ‘डेकानोस’वरून आलेला, आणि वराहमिहिराने बृहज्जातकात त्या छत्तीसांची रूपेही वर्णिली आहेत.

पण येथेच गाडी अडते. छड्यांची दुरी म्हणजे मेषेचे पहिले दहा अंश. पाश्चात्त्य लोक मेष वसंतसंपातापासून मोजतात, तेव्हा त्या पानाचे दिवस साधारण २१ ते ३० मार्च. आपल्या निरयन पंचांगाने सूर्य मेषेत येतो १४ एप्रिलच्या सुमारास. पान एक, अंश तेच, आणि उत्तरात चोवीसएक दिवसांचा फरक. यांत चुकले कोण म्हणावे?

फरक दिवसांचा असो की महिन्यांचा, हसून सोडून देता येतो, पण तो वाट न पाहणाऱ्याला. आमच्या परिचयातील एक बाई मुलाशी बोलणे तुटल्यामुळे दुखावलेल्या होत्या. त्याचा फोन केव्हा येईल, असे त्यांनी विचारले. आठ छड्यांचे पान निघाले. ‘आठ दिवस’ असे उत्तर मिळाले. नववा दिवस उजाडला तेव्हा दुसरीकडे गेल्या. तेथे आठ छड्यांचा अर्थ आठ आठवडे निघाला. तेवढे दिवस त्या फोनजवळ बसून राहिल्या; स्वतः मात्र नंबर फिरवला नाही. बोलणे पुन्हा सुरू झाले ते भाचीच्या लग्नात, आणि तेही अवघडत.

पाने वाचणाऱ्यांतही काही लोक आता ‘केव्हा’ या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळतात. ते मुदत प्रश्नातच घालून घेतात. ‘या महिन्याभरात मुलाशी बोलायचे, तर मला अडवते काय?’ असे विचारावयास लावतात, आणि मग पान उलटतात.