पोरगी निम्मे दिवस माझ्याकडे, मग पोटगी कशाची?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय.

परभणीतल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. ‘दादा, आम्ही नवरा-बायको वेगळे राहतोय. पोरगी निम्मा महिना तिच्याकडे, निम्मा माझ्याकडे. मग मी वरून पैसे कशाला द्यायचे?’ सरळ प्रश्न आहे. पण उत्तर चुकलं तर भुर्दंड त्या पोरीला बसतो, म्हणून आज नीट बघू.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. असा प्रश्न आला की आधी सूत्र शोधतो. ब्रिटनमध्ये तसं सूत्र आहेही. मूल वर्षातल्या ५२ ते १०३ रात्री पैसे देणाऱ्या पालकाकडे राहिलं, तर रक्कम एक सप्तमांशाने कमी होते. रात्री वाढल्या की पुढच्या पायऱ्या. आपल्याकडे कायद्यात असा तक्ता नाही. न्यायाधीश मुख्यतः दोन गोष्टी बघतात : मुलाची गरज किती आणि दोघा पालकांची ऐपत किती.

ऐपतीचं एक उदाहरण बघा. २००० साली पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या खटल्यात आई-वडील दोघंही कमावते होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलासाठी महिना ३,००० रुपये ठरवले आणि ते वडील-आईने २:१ प्रमाणात उचलावेत असं सांगितलं. म्हणजे आई कमावते म्हणून वडील सुटत नाहीत, आणि वडील देतात म्हणून आईचीही जबाबदारी संपत नाही.

आता हे आपल्या श्रोत्याच्या घरी लावून बघू. आकडे कल्पनेतले आहेत. वडिलांचा पगार ६०,०००, आईचा ३०,०००. मुलीचा एकूण खर्च १५,०००. पगाराच्या प्रमाणात वडिलांचा वाटा १०,०००, आईचा ५,०००. या १५,००० मधले ९,००० म्हणजे शाळेची फी, शिकवणी, रिक्षा, कपडे, औषधं. पोरगी कुणाकडे झोपली यावरून हा खर्च कमी-जास्त होत नाही. उरलेले ६,००० खाण्यापिण्याचे, ते दोन्ही घरांत ३,०००-३,०००. फी वगैरे सगळं आई भरत असेल तर तिच्या खिशातून जातात १२,०००. वडिलांनी घरी खर्च केलेले ३,००० त्यांच्या वाट्यातून वजा केले, तरी ७,००० द्यायचे उरतातच. कोर्ट हाच हिशोब करेल असं नाही, पण दिवस निम्मे म्हणजे खर्च निम्मा होत नाही, एवढं यातून कळतं.

पण पगार लपवला तर? इथे आपल्या महाराष्ट्रातलाच खटला कामी येतो, रजनीश विरुद्ध नेहा. २०१३ च्या जानेवारीत, बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत पत्नी घर सोडून गेली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये तिला १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, मग १०,००० रुपये महिना अंतरिम पोटगी ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० ला. तोवर बाळाचं सात वर्षांचं पोर झालं होतं! त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. आणि पोटगी निकालाच्या नाही, अर्जाच्या तारखेपासून धरायची.

आता गल्लीत हमखास ऐकू येणारी तीन वाक्यं.

‘ती पोरीला भेटू देत नाही, मी पैसे बंद करतो.’ चालत नाही. भेटीसाठी कोर्टात वेगळा अर्ज करा. आणि उलटही तसंच, पैसे थकले म्हणून आईने स्वतःच भेट बंद करायची नाही.

‘आम्ही स्टँपपेपरवर लिहून घेतलंय, पोटगी मागणार नाही.’ हक्क मुलाचा आहे. आई-वडिलांनी आपसात तो सोडला म्हणून मूल बांधलं जात नाही.

‘महिनाभर जेलात बसून येतो, विषय संपला.’ संपत नाही. सबळ कारण नसताना थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि थकबाकी तशीच डोक्यावर राहते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा, हे लक्षात ठेवा.

अर्ज कुठे? १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. धर्म कोणताही असो, ते लागू होतं. नवरा पुण्यात आणि आई लेकरासह जिंतूरला राहत असेल, तरी ती परभणी जिल्ह्यातच अर्ज करू शकते. वकिलाला पैसे नाहीत? महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दिवस मोजा, पण त्याआधी पोरीचा खर्च कागदावर लिहा. फीची पावती, औषधाचं बिल, रिक्षावाल्याला दिलेले पैसे, सगळं. शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. मग दोघांचे पगार शेजारी मांडून बसा. जमलं तर ठरलेली रक्कम वकिलाकडून कोर्टाच्या आदेशात घालून घ्या. नाही जमलं तर हाच कागद न्यायाधीशांसमोर उपयोगी पडेल.

तुमचे प्रश्न पाठवत राहा, नाव गुप्त ठेवू. भेटू पुढच्या भागात!